निखारे कोणाच्या पायाखाली?

माद्रिदहून ईशान्येस निघालेला हमरस्ता मेदिनासेलीपाशी पोहोचतो, तेव्हा टेकडीच्या माथ्यावर रोमन अमदानीतील तीन कमानींचे एक द्वार दिसू लागते, आणि तिथूनच सोरियाची वाट फुटते. 23 जूनच्या, म्हणजे सान हुआनच्या रात्री होणारे अग्निलंघन पाहण्यासाठी सान पेद्रो मान्रिके या गावी निघालेली आमची मित्रमंडळी या द्वाराशी थांबली, ती केवळ पुराणवास्तूच्या ओढीने नव्हे. या मेदिनासेलीचाही एक अग्न्युत्सव आहे. नोव्हेंबरच्या मध्यास, रात्रीच्या वेळी, गावच्या चौकात एका बैलास खांबाशी जखडतात, भाजू नये म्हणून त्याच्या अंगावर चिखल थापतात, शिंगांवर लोखंडी सांगाडा बसवून त्यावरील डांबरी गोळे पेटवतात, आणि मग दोर तोडून त्याला आरोळ्या ठोकणाऱ्या जमावात मोकळा सोडतात. त्या ज्वाळा स्वतःच्याच मस्तकावर असल्यामुळे त्यांच्यापासून पळून जाण्याची सोय त्या जनावरास नसते.

आमच्यात एक वकील होते. ‘प्राणिमित्र काही म्हणोत, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वहिवाट आहे, ती मोडायची तर उद्या काहीच शिल्लक राहायचं नाही,’ असे त्यांनी गाडीत बसता बसता सांगितले, आणि पुढची सारी वाट आमचा वाद त्याच मुद्द्यावर रंगला. हा युक्तिवाद मराठी माणसास नवा नाही. बैलगाडा शर्यतींवर 2014 साली सर्वोच्च न्यायालयाने मनाई केली आणि 2023 साली त्याच न्यायालयाने राज्याचा सुधारित कायदा वैध ठरविला. या दोन निकालांच्या दरम्यान आपल्याकडील प्रत्येक चावडीवर हा वहिवाटीचा युक्तिवाद घासून घासून गुळगुळीत झाला आहे. परंतु वहिवाटीने, फार तर, जमिनीवरचा हक्क शाबीत होतो. दुसऱ्याच्या देहावरचा हक्क केवळ जुनेपणाने शाबीत होतो, असे मानण्यास माझे मन तयार नाही. उत्सवाचे वय विचारण्यापूर्वी त्यातला विस्तव कोणाच्या वाट्याला येतो, आणि तो त्याने स्वेच्छेने पत्करलेला असतो काय, एवढेच विचारावे, असे मला वाटते.

सोरिया मागे टाकून, रोमन सेनापती स्किपिओने इ. स. पू. 133 मध्ये वेढा घालून पाडलेल्या नुमान्तियाचे अवशेष ज्या गाराय गावाशेजारी आहेत ते ओलांडले, की रस्ता ओन्कालाच्या घाटास लागतो. हा मुलूख मेंढपाळांचा. हिवाळा आला की येथले कळप दक्षिणेच्या कुरणांकडे शेकडो मैलांची मजल मारीत आणि पुरुषमाणसे अर्धे वर्ष घराबाहेर काढीत. ती मेंढरे गेली, माणसेही गेली. दर चौरस किलोमीटरला जेमतेम 9 माणसे, अशी आज या प्रांताची अवस्था आहे. सान पेद्रो मान्रिकेची वस्ती सहाशेच्या आसपास. पोटापाण्यासाठी शहरांत पांगलेली मंडळी या रात्रीस मात्र गावी परततात, आणि ज्या गावात एरवी बाकावर बसलेले दोन म्हातारे दिसावयाचे, तेथे गाडी उभी करण्यास जागा मिळत नाही.

प्रार्थनामंदिरासमोरच्या अंगणास वेढून दगडी पायऱ्यांचे प्रेक्षागार बांधलेले आहे. त्यात सुमारे 3000 माणसे मावतात. संध्याकाळी मधोमध ओकच्या लाकडांचा, दोन टनांच्या घरातला, ढीग पेटवितात. मध्यरात्रीच्या सुमारास त्याचे निखारे झाले, की जाणती माणसे लांब दांड्यांनी ते झोडपून, चाळून, वीतभर जाडीचा नि काही पावले लांबीचा सपाट गालिचा तयार करतात. या कामात घाई नसते. एखादा न जळालेला ढलपा किंवा खडा राहिला तर तोच तळव्यास चिकटतो, हे ठाऊक असल्यामुळे ती माणसे वाकून वाकून पाहत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावर उत्सवापेक्षा कारागिराचीच मुद्रा अधिक होती. मग तुतारी वाजते आणि पहिला माणूस अनवाणी पुढे येतो.

बहुतेकांच्या पाठीवर कोणीतरी असते: पत्नी, मुलगी, वृद्ध आई. गावकरी सांगतात की ओझ्यामुळे पाऊल घट्ट बसते आणि निखारा दबतो. भौतिकशास्त्र सांगते की कोळसा उष्णतेचा मंद वाहक असून तळव्याचा स्पर्श क्षणभराचाच असतो. दोन्ही खुलासे मला मान्य आहेत, आणि दोहोंनीही समोरच्या पन्नाशीच्या गृहस्थाचे पाऊल मला पुरते उलगडत नाही. त्याने टाच आधी टेकली नाही, चवडाही नाही. सबंध पाऊल थापीसारखे निखाऱ्यांवर आपटीत तो गेला, आणि पलीकडे पोहोचताच पाठीवरची मुलगी उतरण्याआधीच आप्तांच्या गराड्यात दिसेनासा झाला.

या गराड्याचा अभ्यास झालेला आहे. डेन्मार्कमधील आर्हूस विद्यापीठाशी संबंधित इवाना कोन्वालिंका, दिमित्रिस झिगालातास आदी संशोधकांनी 2008 साली याच अंगणात चालणाऱ्यांच्या व पाहणाऱ्यांच्या छातीवर हृदयगती मोजणारी यंत्रे बांधली. 2011 साली प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चालणाऱ्याच्या हृदयाचे ठोके पायऱ्यांवर बसलेल्या त्याच्या आप्तेष्टांच्या ठोक्यांशी जुळत होते, परक्या प्रेक्षकांच्या ठोक्यांशी नव्हे. आम्ही त्या परक्यांपैकी. आमच्या उत्सुकतेस तेथे मज्जाव नव्हता, परंतु सोहळा आमच्यासाठी चाललेला नव्हता. पायऱ्यांवर एक नेमून दिलेली जागा, एवढेच त्या गावाने आम्हांस देऊ केले, आणि तेवढेच योग्य होते.

माझी कसोटी सर्वत्र सरळ लागू पडते असा माझा दावा नाही. आविला प्रांतातल्या सान बार्तोलोमे दे पिनारेस येथे 16 जानेवारीच्या रात्री घोडेस्वार होळ्यांमधून घोडे पिटाळतात. धुराने जनावरांची रोगराई टळते ही त्यामागची जुनी श्रद्धा. तेथे स्वारही त्याच ज्वाळेतून जातो, म्हणून मी त्या गावास मेदिनासेलीच्या रांगेत बसविणार नाही. तरी घोड्यास कोणी विचारले, हा प्रश्न उरतोच. वकीलसाहेबांनी तो अर्थातच लावून धरला.

परतताना बोलणे साहजिकच गोव्यावर आले. डिचोलीतल्या शिरगावी, देवी लईराईच्या जत्रेत, उपोषणे करून, हाती वेताची काठी नि गळ्यात मोगऱ्याच्या कळ्या घेऊन आलेले धोंड, म्हणजे देवीचे व्रतस्थ भक्त, होमकुंडाच्या निखाऱ्यांवरून जातात. विस्तव त्यांचा, व्रतही त्यांचे. माझ्या कसोटीस तो उत्सव पुरा उतरतो. पण 2025 च्या मे महिन्यात तेथे चेंगराचेंगरी होऊन भाविकांचे प्राण गेले, ते निखाऱ्यांनी नव्हे, तर अरुंद वाटेवरच्या गर्दीने. सान पेद्रोचे प्रेक्षागार हुबेहूब उचलून तेथे मांडावे, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सहाशे वस्तीच्या गावाचा हिशेब लाखाच्या जत्रेस लागू पडत नाही. तथापि धोंडांची वाट स्वतंत्र राखावी, येणाऱ्याची आणि जाणाऱ्याची वाट निराळी करावी, आणि किती माणसे आत सोडावयाची हे जत्रेच्या रात्री नव्हे तर कित्येक महिने आधी देवस्थान, पंचायत आणि मामलेदार कचेरी यांनी एकत्र बसून लेखी ठरवावे, एवढे तरी करता येण्याजोगे आहे. आमच्या वकीलसाहेबांचे म्हणणे, की असा ठराव वहिवाटीत हस्तक्षेप ठरेल आणि कोणीतरी मनाईहुकूम आणील. आणू द्यावा.