घरखर्चाची वही : फुकटच्या खोलीचा हिशेब

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. त्या लिहितात : “यजमानांना नोकरीनिमित्त वारंवार परगांवीं जावें लागतें. ज्या हॉटेलांत ते उतरतात तेथील पॉइंट त्यांच्या नांवावर सांचत आहेत, आणि त्यांवर फुकट राहतां येतें असें सर्वजण म्हणतात. पण ते केव्हां खर्चावे आणि केव्हां रोख पैसे द्यावे, हें कोणीच सांगत नाहीं. आपण सांगाल काय?” प्रश्न साधा दिसतो, परंतु आमच्या माहेरच्या एका जुन्या दुखण्यास तो जाऊन भिडतो. म्हणून उत्तर जरा सविस्तर देतें.

ही पद्धति मूळची हॉटेलवाल्यांची नव्हे. अमेरिकेंत दुकानदार मालाबरोबर गिऱ्हाइकाला लहान लहान तिकिटें देत; तीं वहींत चिकटवून वही भरली म्हणजे एखादी वस्तु मिळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनची ही चाल. १९८१ मध्यें अमेरिकन एअरलाइन्स या विमानकंपनीनें तीच युक्ति उतारूंना लागू केली. १९८३ मध्यें हॉलिडे इन व मॅरियट यांनीं आणि १९८७ मध्यें हिल्टननें ती उचलली. हेतु एकच : गिऱ्हाइकानें शेजारच्या दारीं जाऊं नये. तेव्हां प्रथम हें ध्यानांत ठेवावें कीं, पॉइंट ही बक्षिसी नव्हे. आपण आधींच भरलेल्या भाड्यांतून परत मिळालेला तो तुकडा आहे.

हा तुकडा केवढा, तें पाहूं. मॅरियटच्या बहुतेक हॉटेलांत सामान्य सभासदाला दर डॉलरच्या भाड्यामागें १० पॉइंट मिळतात. म्हणजे १५,००० पॉइंटांची एक ‘फुकट’ रात्र पदरीं पडण्यास आधीं १,५०० डॉलर भाडें भरलेलें असावें लागतें. शंभर डॉलर भाड्याची खोली धरली तर पंधरा रात्री परक्या घरीं काढाव्या, तेव्हां सोळावी रात्र मिळावी. भाडें कचेरी भरते आणि पॉइंट मात्र उतरणाऱ्याच्या नांवावर पडतात, अशा नोकरदाराला हा खरा लाभ आहे. जो स्वतःच्या खिशांतून भाडें देतो त्यानें केवळ पॉइंटांसाठीं महागडें हॉटेल धरणें म्हणजे नथीसाठीं नाक वाढविण्यासारखें होय.

आतां मुख्य प्रश्न : पॉइंट केव्हां खर्चावे? याला एक भागाकार पुरे आहे. त्या रात्रीचें रोख भाडें करासह लिहावें. पॉइंट देऊनही कांहीं रोख आकार द्यावा लागत असेल तर तो त्यांतून वजा करावा. उरलेल्या रकमेस मागितलेल्या पॉइंटांनीं भागावें. जें उत्तर येईल ती एका पॉइंटाची त्या दिवसाची किंमत. कर विसरूं नये. आपल्या देशांत २२ सप्टेंबर २०२५ पासून एका रात्रीस ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर शेंकडा ५ आणि त्यावरील खोलीवर शेंकडा १८ कर आहे. पॉइंटांवर घेतलेल्या खोलीस सामान्यतः भाडेंच नसल्यामुळें हा करही वांचतो.

नमुन्यादाखल तीन आंकडे घेऊं. पहिली खोली ६,००० रुपयांची. करासह ६,३०० झाले. मागणी १०,००० पॉइंटांची. म्हणजे पॉइंटाला ६३ पैसे पडले. दुसरी खोली लग्नसराईंतील, १२,००० रुपयांची. करासह १४,१६० झाले. मागणी १८,००० ची. म्हणजे सुमारें ७९ पैसे. तिसरी साधी खोली ३,५०० रुपयांची. करासह ३,६७५ झाले. पण मागणी ९,००० ची. म्हणजे जेमतेम ४१ पैसे. तिसऱ्या ठिकाणीं निमूटपणें रोख पैसे द्यावे, दुसऱ्या ठिकाणीं पॉइंट मोडावे, आणि पहिल्या ठिकाणीं घरची गरज पाहून ठरवावें. स्वस्त खोलीवर पॉइंट उधळून महाग खोलीला रोकड मोजणारे पुष्कळ भेटतात. त्यांचा व्यवहार मात्र नेमका याच्या उलट असावयास हवा.

दोन सोयी आवर्जून वापरण्याजोग्या आहेत. मॅरियटमध्यें पॉइंटांवर सलग पांच रात्री घेतल्या तर त्यांतील सर्वांत कमी पॉइंटांची रात्र माफ होते. हिल्टनमध्यें अशी पांचवी रात्र दर्जा चढलेल्या सभासदांनाच मिळते. वरच्या पहिल्या खोलींतच पांच रात्री राहिल्यास ५०,००० ऐवजीं ४०,००० पॉइंट लागतील, आणि ६३ पैशांचा पॉइंट सुमारें ७९ पैशांचा होईल. दुसरी सोय वारांची. कामकाजाच्या वस्तींतील हॉटेलें शनिवार-रविवारीं बहुधा ओस असतात. विहाराच्या ठिकाणीं त्याच दिवशीं गर्दी उसळते. दोन-चार निरनिराळ्या तारखा घालून पाहिल्या म्हणजे मागणींतील फरक चटकन् दिसतो. अमेरिकेंत मुलाकडे जाणाऱ्यांनीं आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. तेथें विहारस्थळीं ‘रिसॉर्ट फी’ नांवाचा वेगळा आकार असतो. हिल्टन व हायट तो पॉइंटांवरच्या मुक्कामाला माफ करतात. मॅरियटमध्यें तो बहुधा भरावा लागतो.

आतां तें जुनें दुखणें. माझे दादा बारा वर्षें नोकरीनिमित्त गांवोगांव हिंडले. त्यांचे दोन लाखांच्या वर पॉइंट एका मोठ्या हॉटेलमंडळीकडे सांचले होते. वहिनींना उदेपुरास तळ्याकांठीं चार दिवस राहण्याची हौस. दादा म्हणत, “आणखी थोडे सांचूं द्या, म्हणजे थाटानें जाऊं.” थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरें, पण हें तळें आटतेंही, हें त्यांना ठाऊक नव्हतें. निवृत्त झाल्यावर त्यांचा प्रवास थांबला. दोन वर्षांनीं त्यांनीं खातें उघडून पाहिलें तों शिल्लक शून्य. बराच काळ देवघेव न झाल्यास पॉइंट रद्द होतात, ही अट नियमांत बारीक अक्षरांत होती. दादांनीं ती वाचली नव्हती. वहिनी कांहीं बोलल्या नाहींत. उदेपूरचें नांव मात्र त्यानंतर त्या घरांत निघालें नाहीं.

म्हणून सांगतें, पॉइंट ही ठेव नव्हे. तिला व्याज नाहीं, उलट घट आहे. मॅरियट व हिल्टन यांच्या खात्यांत २४ महिने कांहींच हालचाल नसेल तर पॉइंट जातात. आयएचजीमध्यें दर्जा न चढलेल्या सभासदाला १२ महिन्यांचीच मुदत आहे. दुसरी घट दराची. प्रत्येक हॉटेलास किती पॉइंट लागतील याचें ठराविक कोष्टक पूर्वीं छापलेलें असे. हिल्टननें तें २०१७ मध्यें आणि मॅरियटनें २०२२ मध्यें मोडीत काढलें. तेव्हांपासून मागणी भाड्याप्रमाणें चढते-उतरते. जें नाणें दुसऱ्याच्या टांकसाळींत पडतें, त्याचा भावही तोच ठरवितो! तेव्हां गरज दिसतांच वापरावें; ‘मोठ्या सहली’ची वाट पाहूं नये. हिल्टनमध्यें कुटुंबांतील मंडळींचे पॉइंट एकत्र करतां येतात. चौघांच्या नांवावर थोडे थोडे कुजत ठेवण्यापेक्षां तें बरें.

मोहही थोडके नाहींत. दर्जा टिकविण्यासाठीं वर्षाअखेर एक रात्र उगाच काढणें, किंवा पॉइंट संपवावयाचे म्हणून कामाच्या ठिकाणाहून दूरचें हॉटेल धरणें व वांचलेले पैसे टॅक्सीवाल्यास देणें, हे त्यांतलेच प्रकार. बँकांच्या कार्डांचेंही तसेंच. एचडीएफसी बँकेचें मॅरियट कार्ड २०२३ मध्यें निघालें, तेव्हां त्याची वार्षिक फी ३,००० रुपये व त्यावर कर, म्हणजे ३,५४० रुपये होती. तिच्या बदल्यांत १५,००० पॉइंटांपर्यंतची एक रात्र मिळे. ती रात्र खरोखर वापरणाऱ्यास हा व्यवहार फायद्याचा. विसरणाऱ्यास तो दंड. आणि कार्डाचें देणें एक महिना जरी थकलें, तरी व्याजापुढें सारे पॉइंट कस्पटासमान ठरतात. कोणतेंही कार्ड घेण्यापूर्वीं त्या दिवसाच्या अटी स्वतः वाचाव्या.

शेवटीं आमच्याच वहींतील एक पान. दोन वर्षांपूर्वीं वहिनींच्या डोळ्यांची शस्त्रक्रिया चेन्नईस ठरली. इस्पितळाजवळ पांच रात्री राहणें भाग होतें, आणि त्या आठवड्यांत भाडीं चढलेलीं होतीं. माझ्या भाच्यानें, म्हणजे त्यांच्याच चिरंजीवानें, भागाकार केला आणि आपल्या नांवावरचे ४०,००० पॉइंट मोडले. “सिंगापूरला नेणार होतास ना सर्वांना?” दादांनीं विचारलें. तो म्हणाला, “तुमचे उदेपुरासाठीं ठेवलेले कोठें गेले, तें मीं पाहिलें आहे.”

घरीं परतल्यावर वहिनींनीं नेहमींप्रमाणें खर्च लिहावयास घेतला. रेल्वे, औषधें, फळें, रिक्षा हें सर्व झालें. हॉटेलच्या रकान्यांत दादा म्हणाले, “शून्य लिहा.” वहिनींनीं चष्मा पुसला, मुलाला दोन-तीन प्रश्न विचारले आणि मनाशीं कांहीं हिशेब केला. मग त्यांनीं सावकाश लिहिलें : “हॉटेल, पांच रात्री. जमा : बाळाच्या घराबाहेरच्या चाळीस रात्री.”

पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझें एवढेंच सांगणें आहे कीं, यजमानांचे पॉइंट खर्च करण्यापूर्वीं असा रकाना त्यांनीं आपल्या वहींत आंखावा. मग ते केव्हां खर्चावे आणि कोणासाठीं, हें कोणास विचारावें लागणार नाहीं.