गळ्यातलं कार्ड, पायातली चाळ

शनिवारी सकाळी नऊ वाजता इस्त्रीचा शर्ट घालून घराबाहेर पडणारा माणूस एक तर लग्नाला चाललेला असतो, नाही तर मुलगी बघायला. मी चाललो होतो पॉडकास्टवाल्यांच्या कॉन्फरन्सला. अंधेरीतलं हॉटेल, गळ्यात कार्ड, हातात फुकटची कापडी पिशवी आणि पिशवीत कुठल्याशा मायक्रोफोनचं माहितीपत्रक. जो भेटेल तो होस्ट, नाही तर प्रोड्यूसर. निव्वळ ऐकणारा बहुधा मी एकटाच!

एकटा नाही, सोबत आमच्या अकाउंट्समधला मित्रही होता. एका पासवर एक पास फ्री, म्हणून आला. गावचा महाडकडचा, वरंध घाटाच्या बाजूचा. तळीयेजवळच त्याची वाडी. दिवसभर पॅनेलवर पॅनेल झाली. स्पॉन्सर कसा पटवायचा, पहिल्या तीस सेकंदांत श्रोत्याला कसं पकडायचं वगैरे वगैरे. पठ्ठ्याने सामोसे संपवले आणि मागच्या रांगेत एक छान डुलकी काढली.

संध्याकाळी मात्र जागा झाला. लाइव्ह इंडी म्युझिक होतं ना! चार पोरं, दोन गिटार, थोडा धूर. गाणारा म्हणाला, ‘आमच्यामागे कुठलीही कंपनी नाही. गाणी आम्हीच लिहितो, चाली आम्हीच लावतो.’ टाळ्या! मित्र माझ्या कानाशी आला, ‘अरे, हे तर आमचे बुवा पण करतात. त्यांच्याकडे फक्त धुराचं मशीन नाही.’

मी हसलो. पण खरं सांगू? दिवसभरातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच होतं.

कारण पॉडकास्ट आणि बिनकंपनीचं गाणं यांची दोस्ती पहिल्यापासूनची. ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द फेब्रुवारी २००४ मध्ये ‘द गार्डियन’मधल्या बेन हॅमर्सली यांच्या लेखात पहिल्यांदा छापून आला. जून २००५ मध्ये ॲपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्टना जागा दिली आणि गाडी सुसाट सुटली. (ज्या आयपॉडवरून नाव पडलं, तो २०२२ मध्ये बंद झाला. नाव राहिलं!) पण घरबसल्या शो करणाऱ्याने त्यात गाणं कुठलं वाजवायचं? बड्या कंपनीचं वाजवलं तर लायसन्सचा खर्च, नाही तर वकिलाची नोटीस. मग शब्द आला ‘पॉडसेफ’. म्हणजे ज्याचं गाणं, त्यानेच ‘वाजवा बिनधास्त’ म्हणून परवानगी दिलेलं संगीत. कलाकाराला श्रोते मिळाले, पॉडकास्टवाल्याला गाणं. दोघंही खूश.

योगायोग बघा. त्याच २००५ च्या जुलैत महाड तालुक्यात जुई, दासगाव, कोंडिवते, रोहन इथे दरडी कोसळल्या. शंभराहून जास्त माणसं गेली. दुसऱ्याच दिवशी मुंबई बुडाली. २६ जुलै आपण सगळ्यांनी लक्षात ठेवला. जुई किती जणांच्या लक्षात आहे?

तर गणपतीत मी मित्राच्या गावी गेलो. खास नवा रेकॉर्डर घेऊन! डोक्यात एपिसोड तयारच होता, ‘कोकणातला खरा इंडी’. आणि बुवा खरोखरच इंडी निघाले. शक्ती-तुऱ्याचे शाहीर. वर्षातले बरेच महिने मुंबईत नोकरी, गणपतीला गावी. मधोमध बुवा आणि मृदंगवाला, भोवती पायात चाळ बांधून गोल फिरणारी पोरं. आधी गण, मग गवळण, मग सवाल-जवाब. एक पार्टी शक्तीची, दुसरी तुऱ्याची. समोरच्याने गाण्यातून घातलेलं कोडं गाण्यातूनच सोडवायचं. हिप-हॉपवाले ज्याला बॅटल म्हणतात ना, तेच. फक्त इथे पुराणं पाठ लागतात!

दुसऱ्या दिवशी सकाळी मित्र तळीयेला घेऊन गेला. २२ जुलै २०२१ ला संध्याकाळच्या सुमाराला इथल्या कोंढाळकरवाडीवर डोंगर आला. ऐंशीहून जास्त माणसं गेली. ढिगाऱ्यातून जेवढी सापडली तेवढी सापडली, बाकीच्यांना शेवटी मृत घोषित करावं लागलं. त्याच दिवशी पोलादपुरात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरड कोसळली. खाली महाड शहर सावित्रीच्या पुरात, रस्ते पाण्यात, वीज नाही, फोन लागत नाहीत. ज्या माणसांचे आवाज तेव्हा बाहेर पोचायला हवे होते, ते पोचलेच नाहीत. वाचलेल्यांनी पुढे कंटेनरमध्ये दिवस काढले. पक्क्या घरांची वाट बघण्यात वर्षं गेली.

मी रेकॉर्डर खिशातच ठेवला. काय रेकॉर्ड करणार? पावसाचा आवाज?

संध्याकाळी बुवांच्या ओटीवर चहा पिताना एका पोराने मोबाइल पुढे केला. चाळीस सेकंदांची क्लिप. जुना कार्यक्रम, अर्ध्या शिट्ट्या, आणि कोरसमध्ये एक उंच, जरा फाटलेला आवाज. ‘हा गेला त्यात,’ पोरगा म्हणाला. सगळे गप्प. बुवांकडे गाण्यांची वही आहे, पण चाली वहीत उतरत नाहीत. दोन चाली त्या माणसालाच नीट यायच्या म्हणे. आता त्या चाळीस सेकंदांत जेवढ्या आहेत, तेवढ्याच.

आणि मी काय बोललो असेन? लाज वाटते, पण सांगतो. ‘बुवा, याच्यावर एपिसोड सुरू केला तर कसला भारी होईल!’ पहिले तीस सेकंद... पॅनेल डोक्यात चांगलंच मुरलं होतं.

बुवांनी कप खाली ठेवला. ‘करा की. पण त्याच्या घरच्यांना विचारलंत का?’

नव्हतं विचारलं.

मुंबईला आल्यावर कायदा वाचला. तोही बुवांच्याच बाजूने. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ पासून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला स्वतःचा हक्क आहे आणि तो ५० वर्षं टिकतो. बुवांनी रचलेलं गाणं तर त्यांच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं त्यांचं आणि त्यांच्या वारसांचं. ‘लोकगीत आहे, कुणाचंच नाही’ असं म्हणून आपण जे सर्रास उचलतो, त्यातलं बरंचसं कुणाचं तरी असतं. त्या कुणाकडे गळ्यात घालायचं कार्ड नसतं, एवढंच.

मित्राने घरच्यांना विचारलं. ते म्हणाले, आम्हाला द्या, बाहेर नको. मग ती क्लिप साफसूफ करून त्यांना दिली. एपिसोड झाला नाही. बुवांच्या मात्र अकरा चाली रेकॉर्ड झाल्या. प्रत्येकीआधी बुवा स्वतःचं नाव, गाव आणि तारीख सांगतात. त्या बाहेर काढायच्या की नाही, ते तेच ठरवणार.

तुम्हीही पुढच्या गणपतीत गावी जाणारच आहात. फोनमध्ये शंभर सेल्फी काढाल, काढा. पण एक संध्याकाळ आजीसमोर, काकांसमोर फोन ठेवा. आधी विचारा. मग नाव, गाव, तारीख बोलून घ्या आणि फाइल दोन ठिकाणी ठेवा. माइक महागाचा नसला तरी चालतो. उशीर झालेला चालत नाही.

पुढच्या कॉन्फरन्सचं आमंत्रण आलंय. मित्राला विचारलं, येतोस? म्हणाला, ‘बुवांना पास मिळेल का बघ. आणि हो, मानधन किती, तेही विचार!’