ब्लड बँकेच्या फेऱ्या

माझी भाची एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात एम.एस. सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीत ती माझ्याकडे करमाळ्याला दोन दिवस आली आणि त्यातले पहिले चौदा तास झोपली. उठल्यावर चहा घेता घेता तिने फोनमधली एक यादी दाखवली. युनिटच्या एका इमर्जन्सी दिवसाचा हिशेब होता तो, सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी दुपारी एकपर्यंतचा. ब्लड बँक: 7 फेऱ्या. ट्रॉलीबरोबर सीटी आणि एक्स-रे: 5. सरकारी आरोग्य योजनेचे फॉर्म, पेशंटच्या फोटोंसकट: 11. ड्रेसिंग: 23. टेबलाशी: 2 वेळा, दोन्हीदा रिट्रॅक्टर धरायला. आणि शेवटची ओळ, ‘स्वतः केलं: 1, ॲब्सेस’.

गळू कापून पू काढायला दहा मिनिटं लागतात. ड्रेसिंग आणि रिट्रॅक्टर मी शिक्षणात धरते, त्यातूनही हात आणि डोळा तयार होतो. पण रक्ताची बाटली घेऊन सात वेळा जिने चढल्याने कोणी सर्जन झाल्याचं मी ऐकलेलं नाही.

तीसेक वर्षांपूर्वी मीही याच रगाड्यातून गेले. आमच्याकडे तेव्हा पित्ताशय पोट उघडूनच काढायचे, आणि डीव्हर रिट्रॅक्टरने लिव्हर वर उचलून धरायचं काम सगळ्यांत ज्युनियरचं. छत्तिसाव्या तासाला मी उभ्या उभ्या झोपले. रिट्रॅक्टर निसटला, सरांनी वर न बघता हात मध्ये घातला म्हणून निभावलं. “भूल पेशंटला दिलीये, तुला नाही,” एवढंच बोलले. हा किस्सा मी वीस वर्षं फुशारकीने सांगत आले. आमच्या बॅचच्या गेट-टुगेदरला असले किस्से पंगतीतल्या जिलबीसारखे फिरतात. त्या किश्श्यात एक पेशंटही होता, हे लक्षात यायला मला भाचीची यादी लागली.

नियम नाहीत असं मुळीच नाही. केंद्राच्या 1992 च्या रेसिडेन्सी योजनेत सलग बारा तासांपेक्षा जास्त ड्यूटी सहसा नको, आठवड्याला 48 तास आणि एक सुट्टी, असं स्वच्छ लिहिलंय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2023 च्या नियमांत आकडा गेला आणि ‘वाजवी’ तास आले. वाजवी म्हणजे किती, हे युनिटच्या प्रमुखावर. ऑगस्ट 2024 मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात रात्रपाळीची डॉक्टर सेमिनार रूममध्ये विसावली असताना तिच्यावर बलात्कार करून तिचा खून झाला, त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने 36 तासांच्या पाळ्यांबद्दल कडक शब्द वापरले. त्याच सुमारास वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावर आयोगाच्या कृती गटाचा अहवाल आला. पाहणीत पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे 31 टक्क्यांनी आत्महत्येचे विचार मनात येऊन गेल्याचं सांगितलं होतं, निम्म्याहून जास्त जणांना आठवड्याची सुट्टी नियमित मिळत नव्हती. अहवालाने शिफारस केली ती आठवड्याला जास्तीत जास्त 74 तासांची. म्हणजे बत्तीस वर्षांत आपली अपेक्षाच 48 वरून 74 वर गेली. आणि खरं सांगायचं तर, 74 तास खरोखर पाळले गेले तर भाचीच्या वॉर्डात पेढे वाटतील.

रेसिडेन्सीची ही पद्धत आली कुठून? अमेरिकेत, जॉन्स हॉपकिन्समध्ये, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम हॉल्स्टेडने शल्यचिकित्सेच्या प्रशिक्षणाची घडी बसवली. शिकाऊ सर्जनने हॉस्पिटलातच राहायचं, म्हणून तो ‘रेसिडेंट’. हॉल्स्टेड थोर सर्जन होता यात वाद नाही. त्याला आधी कोकेनचं आणि मग मॉर्फिनचं व्यसन होतं, हेही तितकंच खरं. त्याच्या शिस्तीचे गोडवे गाताना हा दुसरा भाग आम्ही सहसा गाळतो.

त्याच अमेरिकेने 2003 मध्ये आठवड्याला 80 तासांची मर्यादा घातली. पुढे 2016 मध्ये तिथल्या 117 सर्जरी प्रशिक्षण केंद्रांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या ठिकाणी पाळीची लांबी आणि मधल्या विश्रांतीचे नियम सैल केले, 80 ची मर्यादा मात्र ठेवली. पेशंटच्या मृत्यूंत किंवा गंभीर गुंतागुंतीत फरक पडला नाही. आमच्यातले काही ज्येष्ठ हा अभ्यास ‘बघा, तासांनी काही होत नाही’ म्हणून नाचवतात आणि ती 80 ची अट सांगायला विसरतात.

तरीही ज्येष्ठांचं एक म्हणणं मला मान्य आहे. सर्जरी दहा ते पाचमध्ये शिकता येत नाही. रात्री दोनला आलेलं अल्सरचं पर्फोरेशन सकाळी दहाला शिकवता येत नाही, आणि ज्याचं पोट उघडलं त्याला तिसऱ्या दिवशी ताप का आला, हे बघायला तोच माणूस तिथे लागतो. म्हणून मी नुसत्या तासांवर भांडत नाही. माझं भांडण त्या तासांत काय कोंबलंय त्याच्याशी आहे. ऑपरेशन करून दमलेला रेसिडेंट आणि ट्रॉली ढकलून दमलेला रेसिडेंट यांची झोप सारखी असेल, जागेपणी ते सारखे नसतात. पहिला डोळे चोळत केसबद्दल बोलत सुटतो. दुसरा जेवणाच्या ताटाकडे बघत बसतो. भाची गेलं वर्षभर अशीच बसते, असं माझी बहीण सांगते.

फेऱ्यांची आणि ट्रॉलीची ही कामं रेसिडेंटकडे येतात, कारण ती करणाऱ्यांची पदं रिकामी आहेत. वॉर्डबॉयला सगळीकडे ‘मामा’ म्हणतात आणि आयाबाईंना ‘मावशी’. मामा निवृत्त झाले, मावशी निवृत्त झाल्या, त्यांच्या जागा कंत्राटावर गेल्या किंवा भरल्याच नाहीत. ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, असा एकच माणूस वॉर्डात उरतो: जेआर-वन, पहिल्या वर्षाचा रेसिडेंट. शासनाच्या दृष्टीने तो सगळ्यांत स्वस्त हमाल आहे.

आणि मग त्याला तिसऱ्या वर्षी विचारायचं, पुढे काय करणार? भाचीचं उत्तर तयार आहे: एम.सीएच., म्हणजे सुपरस्पेशालिटी. का, तर “एवढ्याने काय येतं मला?” नुसत्या एम.एस.वर बाहेर पडायची तिला भीती वाटते. मग नीट-एसएस या प्रवेश परीक्षेसाठी रात्री ॲपवर व्याख्यानं ऐकायची, एमसीक्यू सोडवायचे. हात घडायचं वय पर्याय ‘ब’वर टिक करण्यात जातं. कुणाला मनापासून न्यूरोसर्जरी करायची असेल तर जरूर करावी. पण केवळ हर्निया एकटीने करायची हिंमत नाही म्हणून कोणी प्लास्टिक सर्जरीकडे वळत असेल, तर त्याला मी महत्त्वाकांक्षा म्हणणार नाही. इथे माझ्याकडे हर्निया आहेत, अपेंडिक्स आहेत, बैलाने शिंग मारून फाटलेलं पोट आहे, उसाच्या चरकात सापडलेला हात आहे. माझ्या युनिटमध्ये मला पहिल्याच वर्षी एका मॅडमनी विचारलं होतं, “तुला कसली सर्जन व्हायचंय?” मी म्हटलं, गावाकडची. त्यानंतर त्या मला प्रत्येक अपेंडिक्सला बोलवायच्या. भाचीला हा प्रश्न दोन वर्षांत कुणी विचारलेला नाही.

माझ्या मागण्या फार मोठ्या नाहीत. इमर्जन्सीच्या दिवशी प्रत्येक युनिटला रक्त-नमुने नेणारी दोन माणसं आणि योजनेचे कागद भरणारा एक कारकून द्या. लॉगबुकात प्रत्येक केसपुढे लिहावंच लागतं, पाहिली, मदत केली, देखरेखीखाली केली की स्वतः केली. यातल्या शेवटच्या दोन रकान्यांच्या बेरजा महाविद्यालयवार जाहीर करा, विद्यार्थ्यांची नावं गाळून. प्रवेश घेणाऱ्या मुलांना कळू दे, कुठे टाके घालायला मिळतात आणि कुठे फक्त फेऱ्या.

पाडव्याला संध्याकाळी अपेंडिक्सचा पेशंट आला, अकरावीतला मुलगा. “मी येऊ?” भाचीने विचारलं. मुलाच्या वडिलांना विचारून तिला आत घेतलं. पोट मी उघडलं. पुढे मेसोअपेंडिक्सला गाठी तिने मारल्या, मूळ बांधून कापलं तिने, मी समोर उभी. पहिली गाठ तिची सैल बसली. “सोड, परत बांध,” म्हटलं. दुसरी घट्ट बसली. रात्री अकराला घरी आलो, तर बाईसाहेब ओट्याला टेकून अनारसे खात तासभर त्या गाठीबद्दलच बोलत होत्या. लॉगबुकात याची नोंद होणार नाही.

सकाळी साडेपाचची एसटी होती. वॉर्डातल्या मामांसाठी मी चिवड्याचे दोन डबे भरले. तिने एक बाहेर काढून ठेवला.

“एकच दे, मावशी. रात्रपाळीला मामा एकच असतो, तोही दोन वॉर्डांत मिळून.”