खोक्याचं कुंपण

सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोंड उघडायचं नाही हा माझा संकल्प या सदराच्या वाचकांना पाठ आहे. तो किती वेळा मोडला याचा हिशेबही तेच ठेवतात. पाण्याच्या टाकीवरच्या लेखानंतर वसईच्या एका बाईंनी ‘चौथ्यांदा’ एवढा एकच शब्द लिहून पोस्टकार्ड पाठवलं होतं. बाई, गेल्या रविवारी पाचव्यांदा. आणि तोही कुंपणापायी.

आता भाईंदरच्या इंद्रलोकात राहणाऱ्याला कुंपणाची काय वाण? सात मजल्यांची इमारत, भोवती कंपाउंडची भिंत, भिंतीवर काचा, काचांवर तारा, गेटपाशी वॉचमन आणि वॉचमनवर कॅमेरा. एवढ्या बंदोबस्ताच्या आत आमची बाग आहे. बाग म्हणजे तीसेक फुटांची मातीची पट्टी, चार जास्वंदी, एक तगर आणि घर बदलताना लोकांनी मागे सोडलेल्या कुंड्या. या पट्टीला सेक्रेटरींनी दोन वर्षांपूर्वी दिवाळीत लाकडी कुंपण करवून घेतलं. पांढरं, गुडघाभर उंचीचं, प्रत्येक फळीला वर टोक. त्यांची मुलगी परदेशात असते, तिच्या घराला तसं आहे. ‘इम्पोर्टेड पाइन’ हे शब्द ग्रुपवर तीनदा आले, तिसऱ्या वेळी फोटोसकट.

यंदा जानेवारीत माझे लांज्याचे मामा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आमच्याकडे होते. वाचायचं नाही, टीव्ही बघायचा नाही, म्हणून खाली बाकावर जाऊन बसायचे. उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी आमचं कुंपण वाचून काढलं. दुसऱ्याच दिवशी मला खाली बोलावलं. खिशातून घराची किल्ली काढली आणि एका खुंटात जमिनीलगत टोचली. शिजलेल्या सुरणात जावी तशी अर्धा इंच आत गेली. मग मला फळीच्या मागच्या बाजूला वाकायला लावलं. तिथे रंगाचा एकच हात मारला होता आणि त्याखालून एक शिक्का दिसत होता. गव्हाच्या लोंबीसारखं चित्र, शेजारी इंग्रजी एच आणि टी.

“अगो, हे खोक्याचं लाकूड!”

खोकं म्हटलं की महाराष्ट्रात हल्ली माणसं इकडेतिकडे बघायला लागतात. मामांना मात्र बंदरावर माल ज्यातून उतरतो ते खोकं म्हणायचं होतं. रे रोडच्या वखारीत उमेदीची पंधरा वर्षं काढलेला माणूस तो. परदेशातून येणाऱ्या खोक्यांचं लाकूड गाभ्यापर्यंत 56 अंश सेल्सिअसला निदान 30 मिनिटं तापवावं लागतं, आतली कीड मरावी म्हणून. त्याचा तो शिक्का. म्हणजे सेक्रेटरी खोटं बोलले नव्हते. लाकूड इम्पोर्टेडच होतं, फक्त कुठल्याशा यंत्राच्या अंगावरून उतरलेलं. पण त्या तापवण्याने परदेशातली कीड मेली. भाईंदरच्या वाळवीला त्या शिक्क्याचं काय?

मामांच्या घराला दगडी गडगा आहे आणि परसातल्या भाजीला वई. भात घरात आलं की गुरं मोकाट सुटतात, त्याआधी वई उभी राहिली पाहिजे. मेढी खैराच्या नाहीतर ऐनाच्या. खैराच्या ज्या लाल गाभ्यातून पानातला कात निघतो, तोच गाभा मातीत वर्षानुवर्षं दम धरतो. बाहेरचं पांढरं लाकूड वाळवीचा घास, ते आधीच तासून टाकायचं. पुरायचं टोक चुलीत काळं होईस्तोवर भाजायचं. मग आडव्या चिव्याच्या काठ्या आणि मध्ये करवंदीच्या काटेरी फांद्या. तोंडाशी बेडं, म्हणजे दोन भोकं पाडलेले खांब आणि त्यांत सरकवायचे बांबू. आजोळी हे बेडं आम्हाला दुरून वाचता यायचं. सगळे बांबू लावलेले असले की घरात कुणी नाही. खालचा एकच असला तर माणसं आत आहेत, फक्त वासराला मज्जाव. इथे तीन कॅमेरे बसवूनही कुरिअरवाला मला फोन करून विचारतो, “मॅडम, घरी आहात का?”

“मामा, वई टिकते किती वर्षं?” मी विचारलं.

“टिकते कसली? दरवर्षी घालतो.”

लाकूड कुजतं ते जमिनीलगत. खोल मातीत हवा पोचत नाही, वर उघड्यावर ओल टिकत नाही. मातीच्या पातळीला मात्र बुरशीला दोन्ही मिळतं. आमचे खुंट सिमेंटच्या वाट्यांत बसवलेले, त्यामुळे प्रत्येकाला स्वतःचं डबकं. इथे जून ते सप्टेंबरात 2000 मिलिमीटरच्या वर पाऊस होतो, आणि उरलेले आठ महिने आमचा माळी पाइप धरून तोच कार्यक्रम पुढे चालवतो. ऑइल पेंटला एकदा तडा गेला की पाणी आत शिरतं आणि रंगामागे कोंडून राहतं. खाडीच्या खाऱ्या वाऱ्याने खिळे गंजले ते वेगळंच. मामांचा सल्ला असा: खुंटाचा माथा उतरता कापा, फळी मातीपासून दोन बोटं वर ठेवा, जस्ताचा मुलामा दिलेले स्क्रू लावा आणि दर मे महिन्यात जवसाचं तेल. साग घ्या नाहीतर चंदन घ्या, तेल चुकत नाही.

जुलैत कुंपण आडवं झालं. परवाच्या मीटिंगला त्याच्या जागी काय, यावर तीन कोटेशनं आली होती. एक सागाचं, एक लोखंडाचं, एक भुसा आणि प्लॅस्टिक मिसळून केलेल्या पट्ट्यांचं. सव्वा तास रंगावर चर्चा झाली. दुसऱ्या मजल्यावरच्यांना तपकिरी हवा होता, कारण पांढऱ्यावर पानाचे डाग दिसतात. पान कोण खातं हे सगळ्यांना माहीत होतं आणि ते गृहस्थ तपकिरीच्याच बाजूने होते. बहुमत सागाकडे झुकलं. तेव्हा मी संकल्प मोडला आणि विचारलं, “दर मे महिन्यात तेल कोण लावणार?”

सगळे पंख्याकडे बघू लागले. मग चार जणांची उपसमिती नेमली गेली. त्यात मी आहे.

खरं तर कुंपणाचा विषय आता मागेच पडलाय. ते कलायला लागलं तेव्हा वॉचमनने मागच्या शेवग्याच्या छाटलेल्या फांदीचा हाताएवढा जाड खुंट ठोकून त्याला टेकू दिला होता. फळ्या भंगारात गेल्या, टेकू राहिला. ऑगस्टमध्ये त्याला डोळे फुटले, आता डोक्याएवढा झालाय, वर पोपटी पाल्याचा झुबका. सेक्रेटरी म्हणतात, हात लावू नका, 1975 चा झाडांचा कायदा आहे, महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाला विचारावं लागेल. खजिनदार म्हणतात, झाड कसलं, दुरुस्तीच्या खर्चात दाखवलेला टेकू आहे तो. तळमजल्यावरच्या वहिनी काही म्हणत नाहीत, रोज ताकाचं भांडं विसळलेलं पाणी तेवढं त्याच्या बुडाशी ओततात.

काल पुढच्या मीटिंगची नोटीस लागली. विषय क्रमांक 4: शेंगांचं वाटप.