जुना फ्रिज आणि धुरावलेले मांस

जुना फ्रिज म्हणजे घट्ट दाराचे, आत जाळीचे कप्पे असलेले आयते कपाट. खाली भोक पाडून नळीने शेगडीचा धूर आत सोडायचा, वर धुराडे काढायचे, की मांस धुरावण्याची कोठी तयार. अमेरिकेत परसदारी असे फ्रिज अनेक दशके वापरले गेले आहेत. आता मोबाइलवरचे व्हिडिओ पाहून हा जुगाड कुणालाही करावासा वाटेल. काटकसरीला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण या कामासाठी ही वस्तू चुकीची आहे.

हा प्रयोग सुरुवातीला जमला, कारण १९४०-५० च्या दशकांतले अमेरिकी फ्रिज आतून एनॅमल चढवलेल्या पोलादी पत्र्याचे असत. पुढे आतले अस्तर प्लास्टिकचे झाले आणि भिंतींत पॉलियुरेथेन फोम आला. गरम धुरात मांस शिजवताना तापमान साधारण १०५ ते १२० अंश सेल्सिअस ठेवतात. फ्रिजमधले प्लास्टिक शंभर अंशांच्या आसपासच मऊ पडू लागते. फोमने पेट घेतला तर कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही बाहेर पडतो. आजच्या अनेक फ्रिजमधला आयसोब्युटेन वायू तर ज्वलनशील असतो, तेव्हा भोक पाडताना नळी फुटली तर काय होईल हे वेगळे सांगायला नको.

मग पत्र्याचा जुनाच फ्रिज शोधावा का? त्याच्या जाळ्यांवर कॅडमियमचा मुलामा असू शकतो. तापलेल्या जाळीवरून, विशेषतः आंबट मसाला लावलेल्या मांसात, ते उतरते आणि मूत्रपिंडात वर्षानुवर्षे साठून राहते. शिवाय त्या फ्रिजचे खिटीचे दार आतून उघडत नसे. लपलेली मुले गुदमरून दगावल्यामुळे अमेरिकेला १९५६ मध्ये त्यासाठी कायदा करावा लागला.

तरीही सर्वांत मोठा धोका डब्यात नाही, ‘धूर दिला म्हणजे मांस टिकले’ या समजुतीत आहे. धूर मुख्यतः पृष्ठभागावर काम करतो. आतले मांस ५ ते ६० अंशांच्या दरम्यान तासन्‌तास राहिले तर जिवाणूंची चंगळ होते, आणि घरगुती कोठीत नेमके तेच घडते. त्यांतला क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम हवेशिवाय वाढतो, त्याचे बीजाणू उकळत्या पाण्यातही तगतात आणि त्याच्या विषाने श्वासाचे स्नायू लुळे पडतात. या आजाराचे नावच सॉसेजच्या लॅटिन शब्दावरून पडले; जर्मन डॉक्टर युस्टिनुस केर्नर यांनी १८२० च्या सुमारास ‘सॉसेजच्या विषा’ने आजारी पडलेल्यांची वर्णने लिहून ठेवली आहेत. त्याला रोखायला कारखान्यात मोजून नायट्रायट घालतात. घरी ते अंदाजाने घालणे म्हणजे दुसरे संकट, कारण जास्त झाले तर रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकदच जाते. साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणून अमेरिकेत हे मीठ मुद्दाम गुलाबी रंगवतात. गोव्याच्या चोरीसालाही धूर देतात, पण ते टिकवण्यात भरपूर मीठ, व्हिनेगर आणि सुकवणे यांचा वाटा मोठा असतो, हे विसरले जाते.

या सगळ्यातून निभावले तरी हे मांस रोजचे अन्न नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये धूर किंवा मीठ देऊन टिकवलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्के वाढतो, असा तिचा अंदाज आहे. सणासुदीला चाखणाऱ्याने त्याने घाबरून जायचे कारण नाही.

हौसच असेल तर पूर्वी रसायन किंवा तेल न भरलेले, आतून रंग नसलेले पोलादी पिंप घ्यावे, ते उघड्यावर ठेवावे आणि मांसात खुपसायचा तापमापक विकत घ्यावा. कोंबडीच्या मांसाचा गाभा ७४ अंशांपर्यंत तापलाच पाहिजे. रंगावरून ते कळत नाही, कारण धुराने शिजलेले मांसही गुलाबी-तांबूस दिसू शकते. उरलेले लगेच थंडीत ठेवावे, चालू फ्रिजमध्ये. बंद पडलेला फ्रिज मात्र ई-कचऱ्यात मोडतो. तो अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे द्यावा, आणि नेईपर्यंत त्याचे दार काढून ठेवावे.