बंदूक विकली, कागद कोठें आहे?

गेल्या पावसाळ्यांत आमच्या भागांतील एक बाई आमच्याकडे कागद वाचून घेण्यास आल्या. नवरा वारून दीड वर्ष झालें होतें. घरांत शेतीसंरक्षणाची ठासणीची बंदूक होती. भुईमुगांत रानडुकरें पडूं लागलीं म्हणजे तो रात्रीं माळ्यावर बसून बार काढीत असे. तो गेल्यावर बंदूक आढ्याला टांगलेली तशीच राहिली. पुढें एक ओळखीचा माणूस शेजारच्या तालुक्यांतील गिऱ्हाईक घेऊन आला. गिऱ्हाइकानें चार हजार रुपये रोख मोजले, बाईंच्या हातांत आधारकार्डाची झेरॉक्स ठेवली आणि "मावशी, कागदाचें मी पाहतों," असें म्हणून बंदूक गोणपाटांत गुंडाळून नेली. कार्ड मिळालें म्हणजे कागद झाला, असें बाईंस वाटलें. तीन महिन्यांनीं ठाण्यांतून शिपाई आला आणि बंदूक कोठें आहे म्हणून विचारूं लागला. झेरॉक्सवरील पत्त्यावर त्या नांवाचा कोणी राहतच नव्हता.

"गुरुजी, मी काय चोरी केली?" असें त्यांनीं विचारलें.

चोरी केली नाहीं, हें सर्व गांव सांगेल. परंतु बैल विकणें आणि बंदूक विकणें यांत कायद्यानें जो फरक केला आहे, तो आमच्या शेतकरी व कारागीर बंधुभगिनींस कोणी समजावून सांगितलेला नाहीं. बैल बाजारांत हातरुमालाखालीं ठरतो, दोन साक्षीदार पुरतात. बंदुकीस हातरुमाल चालत नाहीं. १९५९ चा शस्त्रअधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलांत आहे. त्याच्या पांचव्या कलमाप्रमाणें, स्वतःच्या वापरासाठीं परवान्यानें ठेवलेली बंदूक खासगी माणसास दुकानदाराचा परवाना नसतांही विकतां येते. पण त्यापूर्वीं जिल्हादंडाधिकाऱ्यास किंवा जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्यास लेखी कळवावें लागतें कीं, मी ही बंदूक अमुक गांवच्या अमुक माणसास विकणार आहें. नांव व पत्ता दोन्ही द्यावे लागतात. असें कळविल्यावर पंचेचाळीस दिवस पुरे झाल्याखेरीज बंदूक हातांतून सोडतां येत नाहीं. आज सौदा, आज पैसे, आज बंदूक, ही रीत येथें गुन्हा होते. आणि गुन्हा केवढा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर पांचवें कलम मोडून बंदूक विकणाऱ्यास सात वर्षांहून कमी शिक्षा नाहीं. ती जन्मठेपेपर्यंतही जाऊं शकते. चार हजारांसाठीं!

आतां त्या झेरॉक्सविषयीं. आधारकार्डावरून फार तर समोरचा कोण, हें कळतें. बंदूक बाळगण्याचा त्यास अधिकार आहे कीं नाहीं, हें कळत नाहीं. तो अधिकार केवळ परवान्यानें येतो. घेणाराचा मूळ परवाना हातांत घेऊन पाहावा. झेरॉक्स पाहून भागत नाहीं. त्यावरील फोटो समोरच्या चेहऱ्याशीं ताडावा, मुदत संपली आहे काय तें पाहावें, कोणत्या जातीच्या बंदुकीस परवानगी आहे तें वाचावें, आणि देशाच्या परवाना-नोंदींतील त्याचा स्वतंत्र क्रमांक त्यावर आहे ना, याची खात्री करावी. संशय आल्यास तो परवाना देणाऱ्या कचेरींत विचारावें. घेणारास बंदूक बाळगण्याचा हक्क आहे याची आधीं खात्री करून न घेतां ती त्याच्या स्वाधीन करणें, हा एकोणतिसाव्या कलमान्वयें वेगळाच गुन्हा आहे. एकवीस वर्षांखालील मुलास, किंवा ज्यास बंदूक ठेवण्याची मनाई झाली आहे अशा माणसास ती देतां येत नाहीं, मग तो सख्खा पुतण्या असला तरी. "घरचाच आहे" हें उत्तर कोर्टांत चालत नाहीं.

घरधनी वारला म्हणजे काय करावें, हा प्रश्न आमच्या घरांत अधिक पडतो. कारण पुष्कळ शेतीसंरक्षण बंदुका आज्या-पणज्यांपासून चालत आलेल्या आहेत. परवाना माणसाच्या नांवें असतो, घराच्या नांवें नसतो. तो माणूस गेला कीं ती बंदूक घरांत ठेवणें बेकायदा होतें. ती विनाविलंब जवळच्या ठाण्यांत किंवा परवानाधारक दुकानदाराकडे जमा करून पावती घ्यावी. जमा केली म्हणजे सरकारनें गिळली, अशी जी समजूत आहे ती खोटी आहे. वारसास स्वतःच्या नांवें परवाना मिळाल्यास ती परत मिळते. नको असल्यास हक्कदार माणसास विकून पैसेही घेतां येतात. मात्र ठरलेल्या मुदतींत यांपैकीं कांहींच केलें नाहीं तर जिल्हादंडाधिकारी ती सरकारजमा करूं शकतात. जमा करणाऱ्यास त्यापूर्वीं नोटीस द्यावी लागते. पण नोटीस वाचतां आली पाहिजे, किंवा वाचून देणारा भला माणूस भेटला पाहिजे. ज्यांच्या नांवें आधींच दोन बंदुका आहेत त्यांनीं तिसरी वारशानें आली तरी ठेवतां येणार नाहीं, हेंही ध्यानांत असूं द्यावें. २०१९ पासून मर्यादा दोनांचीच आहे.

आमच्या लोहार बंधूंस येथें वेगळें सांगणें आहे. भात्यावर फाळ शेवटीत असतां कोणी जुनी ठासणी आणतो. घोडा ढिला झाला आहे, नळी जरा कापून द्या, गंज घासून टाका, म्हणतो. शेजारधर्म म्हणून हातांत घेऊं नका. परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्तीसुद्धां त्याच पांचव्या कलमांत येते, आणि शिक्षाही तीच. नळी कापणें हाही गुन्हा आहे. गंज घासतांना नळीवरील कारखान्याचें नांव व क्रमांक गेला तर आणखी मोठा घोळ होतो. ज्या बंदुकीवर ओळखीची खूण नाहीं ती विकतां येत नाहीं, आणि जिच्यावरची खूण खोडलेली सांपडते ती ज्याच्याजवळ मिळते त्यानेंच खोडली, असें कायदा धरून चालतो. सिद्ध करण्याचें ओझें मग तुमच्या डोक्यावर. ज्याला क्रमांक नकोसा झाला आहे त्याचा हेतु चांगला असणार नाहीं, हें सांगण्यास वकील लागत नाहीं.

कोणी म्हणेल, हा सगळा गरिबांस छळण्याचा खटाटोप आहे. यांत थोडें खरें आहे. १८७८ च्या कायद्यानें इंग्रजांनीं हिंदी माणसाच्या हातचीं हत्यारें परवान्याच्या दोरीनें बांधलीं, आणि त्या वेळच्या नियमांत युरोपियनांस सूट ठेवली. रानडुकरें मात्र आमचींच शेतें खात होतीं. जोतीराव फुल्यांनीं १८८३ सालीं लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथांत ही पिकाची नासाडी मांडली, ती उगाच नव्हे. आजच्या कायद्यांत पीक राखण्यास ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची स्पष्ट तरतूद आहे. ती पुरेशी नसेल तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही देतां येते. (परवाना मिळाला म्हणजे रानडुकर मारण्याची मोकळीक मिळाली असें नाहीं, ती वनखात्याची परवानगी वेगळी, आणि तो एक निराळाच रडगाण्याचा विषय आहे.) तेव्हां हक्क आहे. पण हक्काचा कागद ज्याच्या घरांत नीट नाहीं त्याचा हक्क कचेरीच्या पायरीवर संपतो, हें आम्ही पिढ्यान् पिढ्या पाहत आलों.

आणि कागद नसल्यानें सांपडतो कोण? ज्यानें बंदूक नेली तो नाहीं. त्याचें नांवच खोटें. मध्यें आलेला ओळखीचा माणूसही नाहीं. त्यानें कोठेंच सही केलेली नाहीं. सांपडते ती विधवा, कारण सरकारी नोंदींत अजून तिच्या नवऱ्याचें नांव व बंदुकीचा क्रमांक आहे. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत कुळकर्णी वतन मोडलें, तें गांवचें दप्तर एका घराच्या मुठींतून सुटावें म्हणून. आज दप्तर सर्वांस उघडें आहे, तरी कचेरीबाहेरच्या टपरीवर पांचशे रुपये घेऊन अर्ज लिहिणारा दलाल नवा कुळकर्णी होऊन बसला आहे. तो अर्ज लिहितो, पण पोच घेत नाहीं. आणि पोच नसली तर पंचेचाळीस दिवस मोजायचे कोठून?

म्हणून विकणाऱ्यानें अर्ज स्वतः द्यावा, दोन प्रतींत. त्यांत बंदुकीची जात, कारखान्याचें नांव, क्रमांक, आपल्या व घेणाराच्या परवान्याचा क्रमांक, घेणाराचें नांव व पत्ता, सर्व स्पष्ट लिहावें. एका प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. पोच देण्यास टाळाटाळ झाली तर तोच अर्ज पोस्टानें पोचपावतीसह पाठवावा. मुदत भरल्यावर विक्रीचा कागद दोन साक्षीदारांसमोर करावा, आणि कचेरींत जाऊन आपल्या परवान्यावरून ती नोंद कमी करून घ्यावी, घेणाराच्या परवान्यावर चढली कीं नाहीं तें पाहावें. शेवटचें हें काम राहिलें म्हणून कितीतरी घरें अडचणींत येतात.

सरकाराकडे आमचें मागणें मोठें नाहीं. बंदूक विकण्याच्या सूचनेचा मराठी छापील नमुना प्रत्येक पोलीस ठाण्यांत फुकट मिळावा, पोच जागच्या जागीं मिळावी, आणि परवानाधारक मयत झाल्याची नोंद ग्रामपंचायतींत होतांच त्या घरास बंदूक जमा करण्याची सूचना साध्या मराठींत जावी. मृत्यूचा दाखला आणि परवाना, हे दोन कागद एकमेकांस ओळखत नाहींत, म्हणून आढ्याला टांगलेल्या बंदुका दलालांच्या नजरेस पडतात.

त्या बाईंचा जबाब आम्ही त्यांच्याबरोबर बसून लिहून दिला. झेरॉक्स व मध्यस्थाचें नांव जोडलें आहे, आणि अर्जाच्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का व तारीख घेतली आहे. चौकशी अजून चालू आहे.