‘बंद आहे’ ही किंमत नव्हे

जुन्या डिजिटल घड्याळाची किंमत आपल्या घरांत दोन शब्दांत ठरते : ‘बंद आहे.’ हे दोन शब्द उच्चारतो कोण, ते मात्र कुणी बघत नाही. बहुतेक वेळा ज्याला ते घड्याळ हवं असतं, तोच. वाटणीच्या बैठकीत मोठा भाऊ म्हणतो, ‘‘अब्बांचं घड्याळ ना? बंदच आहे, राहू दे माझ्याकडे.’’ जुन्या वस्तू घेणारा म्हणतो, ‘‘बंद आहे, शंभर रुपये देतो.’’ जो घेणार, तोच भाव ठरवणार! माझा सगळा राग या रीतीवर आहे.

मी उर्दू आणि मराठी शिकवतो. उत्तरपत्रिका न उघडता तिच्यावर शून्य ओढणाऱ्या परीक्षकाला आपण दुसऱ्या दिवशी कामावर ठेवणार नाही. घड्याळाचं मागचं झाकण न उघडता ‘बंद’ म्हणणाऱ्याला मात्र आपण जाणकार समजतो.

‘बंद’ म्हणजे नेमकं काय? हॅमिल्टनचं पल्सर १९७२ साली बाजारात आलं. ते पहिलं इलेक्ट्रॉनिक डिजिटल मनगटी घड्याळ, १८ कॅरेट सोन्याचं, किंमत २१०० डॉलर. त्याचे लाल दिवे इतकी वीज खात की बटण दाबल्याशिवाय आकडे दिसतच नसत. म्हणजे धडधाकट पल्सरही बघणाऱ्याला बंदच वाटणार! सेइकोने १९७३ मध्ये आणि कॅसिओने १९७४ मध्ये काळ्या आकड्यांची, सतत वेळ दाखवणारी एलसीडी घड्याळं आणली. आखातातून सुट्टीवर आलेल्या माणसांनी कोकणातल्या घराघरांत आणली, ती बहुतेक याच जातीची.

त्यांची तपासणी सोपी आहे. आधी योग्य नंबरचा नवा सेल घाला. कित्येक मशीनवर ‘एसी’ असं लिहिलेला एक बिंदू असतो. सेल बदलल्यावर तो बिंदू आणि सेलची धन बाजू चिमट्याने दोनेक सेकंद जोडावी लागते. हे केलं नाही तर चांगलं घड्याळही कोरं राहतं किंवा भलतेच आकडे दाखवतं, आणि दुकानातून ‘मेलेलं’ म्हणून परत येतं.

मग आकडे बघा. प्रत्येक आकडा सात काड्यांचा असतो, ८ आला की सातही दिसायला हव्यात. एखादी काडी गायब असेल, तर पुष्कळदा काच आणि मशीन यांना जोडणाऱ्या बारीक रबरी पट्टीवर मळ बसलेला असतो. तो साफ होतो. पण काचेच्या कडेने शाईसारखा काळा डाग पसरला असेल, तर ती काच गेली. सेलच्या जागी हिरवट-पांढरी पूड दिसली, तर सेल पाझरला आहे. पूड वरवरची असेल तर निघते, तिने तांब्याच्या रेषा खाल्ल्या असतील तर दुखणं मोठं. गजर वाजत नसेल तर झाकणाला टेकणारी छोटी स्प्रिंग जागेवर आहे का, ते बघा. आधीच्या कुणाच्या तरी निष्काळजी हातून ती हरवलेली असते.

या प्रत्येक ‘बंद’ची किंमत वेगळी. सगळ्यांना एका तराजूत घालणारा एकतर अडाणी, नाहीतर लबाड.

आता दुसऱ्या टोकाची फसवणूक. घड्याळ जुनं, म्हणून लाखमोलाचं! कॅसिओचं एफ-९१डब्ल्यू १९८९ पासून आजही बनतं. नुसत्या वयावर त्याला कोण जास्त पैसे देणार? भाव येतो तो मागणीला, अस्सलपणाला आणि अवस्थेला. सेइकोच्या झाकणावरच्या क्रमांकाचा पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक सांगतो, दुसरा महिना. ८ म्हणजे १९७८ की १९८८, ते मॉडेलवरून ठरवावं. कॅसिओच्या झाकणावर मॉड्यूलचा नंबर असतो, एफ-९१डब्ल्यूवर ५९३. झाकण एकाचं आणि मशीन दुसऱ्याचं असेल, तर तसं सांगून विका. न सांगता विकणं ही चोरीच. घासून चकचकीत करून विकू नका, कारण केसवरचा मूळ मुलामा आणि अक्षरं गेली की परत येत नाहीत. मूळ पट्टा तुटला असला तरी टाकू नका.

‘‘एवढ्याशा घड्याळासाठी बहिणी भांडणार का?’’ असं मला विचारतात. एवढंसंच असेल, तर भावाने का उचललं? आधी घड्याळ ‘बंद’, मग शिलाई मशीन ‘जुनं’, मग जमीन ‘खडकाळ’. किंमत शून्य करायची सवय छोट्या वस्तूपासूनच लागते. आठवणीची किंमत कुणी काढू शकत नाही, कबूल. पण आठवण ज्याला ठेवायची आहे, त्याने बाजारभावाचा हिशेब इतरांना द्यावा आणि मग खुशाल ठेवावी.

म्हणून नियम साधा असावा. घेणाऱ्याने भाव सांगू नये. झाकण सगळ्यांसमोर, ज्याला घड्याळ घ्यायचं नाही अशा घड्याळजीकडून उघडावं. काय चालतं, काय बदललेलं आहे, काय गेलेलं आहे, हे कागदावर लिहावं. त्याच मॉडेलची, त्याच अवस्थेतली घड्याळं खरोखर कितीला विकली गेली, ते बघावं. विकणाऱ्यांनी मागितलेले आकडे धरू नयेत. आणि हा कागद बहिणींच्याही हातात द्यावा.